ऐसपैसची गळती

पहिला थेंब कपाळावर पडला तेव्हा वाटलं, स्वप्नच असेल. दुसरा नेमका कानात गेला. डोळे उघडले तर खिडकीबाहेर फटफटलं होतं. नाकापासून हातभर वर गाडीचं छत होतं आणि छताच्या कडेला तिसरा थेंब सावकाश फुगत होता. उशी भिजलेली, चादर अर्धी भिजलेली. आणि मी झोपलो होतो त्या माळ्याच्या बरोबर खाली, बाकावर, माझे होऊ घातलेले सासरे शांतपणे घोरत होते.

मी उशी उलटी केली. ती बाजूही ओली होती. मग उशी गादीखाली सरकवली, चादरीची ओली बाजू पायांकडे घेतली आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिलो. बाहेर कोंबडं आरवलं. मागच्या पडद्याआड कुणीतरी कूस बदलली. थोड्या वेळानं खालून आवाज आला.

"काय धैर्यशीलराव, लागली का झोप?"

"छान लागली, काका."

"लागणारच. घरात लागत नाही अशी झोप लागते या गाडीत."

माझं नाव धैर्यशील साळोखे. ते माझ्या आजोबांनी ठेवलं, मी जन्मायच्या आधी. जन्मल्यावर मला बघून ठेवलं असतं तर कदाचित दुसरं काही ठेवलं असतं. लहानपणापासून माझी एकच सवय पक्की होती, समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायचं. न्हाव्यानं केस जास्त कापले तरी मी आरशात बघून "मस्त" म्हणायचो.

लग्नाचं वय झालं तेव्हा मी शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. मामांनी कोल्हापुरातलं थोरवतांचं स्थळ काढलं. मुलगी केतकी, जिल्हा न्यायालयात वकिली करणारी. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, आम्हा दोघांना गच्चीवर पाठवून झालं. तिनं बरेच प्रश्न विचारले आणि मी सगळ्यांना होकार दिला. त्यानंतर आमच्याकडून लगेच पसंती गेली, त्यांच्याकडून मात्र काहीच कळेना. मग एके दिवशी तिच्या वडिलांचाच फोन आला.

"आम्ही गाडी घेऊन कोकणात निघालोय. तुम्ही पण चला. चार दिवस एकत्र राहिलं की माणूस कळतो."

आई म्हणाली, "असं कुठं असतंय का? लग्नाआधी मुलीकडच्यांबरोबर फिरायला?"

वडील म्हणाले, "आईबाप बरोबर आहेत की तिचे."

मी काहीच म्हणालो नाही. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, रजा मिळाली आणि मी पिशवी भरली.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हती. विश्वासराव थोरवत पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. उभी नोकरी कालव्यांच्या गळत्या बुजवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, अंगणात उभी केली आणि तिचं फिरतं घर बनवलं. मागं पलंग, मधे छोटा ओटा आणि बेसिन, पुढं समोरासमोर दोन बाक, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माणूस मावेल एवढा लाकडी माळा. पुढच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या हातानं नाव रंगवलं होतं, 'ऐसपैस'. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाकावर चढावं लागायचं, पण ते बोलून दाखवायची कुणाची टाप नव्हती. त्यातली प्रत्येक फळी, प्रत्येक नळी, प्रत्येक स्क्रू काकांनी स्वतः बसवला होता. कोल्हापूर सोडल्यापासून गगनबावडा येईपर्यंत त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आणि घाट उतरताना पुन्हा एकदा सांगितलं.

घाटाखाली, वैभववाडीच्या बाजूला एका गावात आबा रावराणे म्हणून काकांचे जुने स्नेही होते. कालव्याच्या कामावर असताना काका त्यांच्याकडे राहिले होते. त्यांच्या खळ्याशेजारच्या उतारावर आम्ही ऐसपैस लावली. दसरा होऊन गेला होता, भातकापणी चालू होती. दिवसभर लख्ख ऊन पडायचं आणि संध्याकाळ झाली की परतीचा पाऊस गडगडत यायचा. कोण कुठं झोपणार हा प्रश्न निघाला तेव्हा मागचा पलंग मायलेकींचा, बाक काकांचा आणि माळा माझा असं ठरलं. काकांना गुडघ्यामुळं वर चढवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी पाऊस आला. या खेपेला मी तयारीत होतो. ओट्यावरची एक वाटी गुपचूप वर नेऊन ठेवली होती. पण रात्री सगळे आडवे झाल्यावर थेंब वाटीत पडायला लागले तसा टण टण असा आवाज होऊ लागला, आणि खाली काका म्हणाले, "कसला आवाज येतोय रे?" मी म्हटलं, "घड्याळ आहे काका माझं." मग घाईघाईनं पायातला एक मोजा काढून वाटीत कोंबला. आवाज थांबला.

सकाळी मी तो मोजा पिळून विहिरीच्या कठड्यावर वाळत घातला. दात घासून मागं वळतो तर केतकी उभी. हातात कळशी होती, पण नजर मोज्यावर होती.

"मोजा ओला कसा झाला?"

"धुतला."

"एकच?"

तिनं कळशी खाली ठेवली.

"दुसरा कुठंय?"

"पिशवीत."

"म्हणजे सकाळी उठून तुम्ही जोडीतला एकच मोजा धुतलात."

"तो जरा मळला होता."

ती हसली नाही. कोर्टात साक्षीदाराकडे बघत असेल तशी बघत होती. मग कठड्यावर टेकून सरळ म्हणाली, "धैर्यशील, मी घरी गेल्यावर नाही म्हणणार आहे. उगाच तुम्हाला टांगून ठेवायला नको म्हणून आत्ताच सांगते."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. खरं सांगायचं तर ती मला गच्चीवरच आवडली होती. गेल्या दोन दिवसांत तर जास्तच. घाटात गाडी तापली तेव्हा काकांना बाजूला करून तिनं स्वतः पाणी घातलं होतं, आणि परत स्टिअरिंगवर बसताना मला डोळ्यांनीच 'आता शांत बसा' असं सांगितलं होतं. आयुष्यभर हिच्या शेजारी बसायला मिळालं तर बरं होईल, असं तेव्हा मनात आलं होतं. पण मनात आलेलं मनातच ठेवायची आपली रीत.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"चुकलं काहीच नाही. तेच तर आहे." ती बोलायला लागली ती न थांबता. "परवा आईनं तुम्हाला तिसऱ्यांदा खीर वाढली. तुम्हाला गोड आवडत नाही हे तुमच्या मामांनी आम्हाला आधीच सांगितलंय. तुम्ही तिन्ही वेळा संपवलीत. काल पप्पांनी तुम्हाला एकच कालव्याची गोष्ट दोनदा सांगितली, तुम्ही दोन्ही वेळा 'मग पुढं काय झालं' विचारलंत. माणूस तुम्ही चांगले आहात. पण तुम्हाला नक्की काय हवंय, काय नकोय, हे मला कधी कळणार? सगळा जन्म मी अंदाज बांधत बसू? मोजा का ओला झाला एवढं साधं तुम्हाला सांगता येत नाही."

तिनं कळशी भरली आणि ती निघून गेली.

मी तिथंच उभा राहिलो. आधी वाटलं, पिशवी उचलावी आणि एसटी पकडावी. मग हळूहळू राग यायला लागला. तिचा नव्हे. दोन सकाळी मी ओल्या गादीवर बसून काढल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी काढल्या ते हातचं चाललं होतं. मग भिजायचं तरी कशाला?

काका गाडीच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत होते. शालनकाकी, म्हणजे केतकीची आई, आत पोहे भिजवत होत्या. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"काका, गाडी गळते."

"कुणाची?"

"आपली. माळ्यावर पाणी येतं. दोन्ही दिवस आलं."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. आत काकींचा हात थांबलेला मला दिसला.

"दव असेल," काका म्हणाले.

"दव नाही. थेंब पडतात."

"श्वासाची वाफ असते. पत्रा गार पडला की वाफेचं पाणी होतं. तुम्ही केमिस्ट ना?"

"हो. म्हणूनच सांगतो, एवढी वाफ एका माणसाची नसते. वाटी भरली होती काका."

"बाटली सांडली असेल तुमची."

"मी बाटली वर नेलीच नव्हती."

माझा आवाज थोडा चढला असावा, कारण विहिरीकडून केतकी बघायला लागली. काका उठले. चेहरा लाल झाला होता. "या गाडीच्या पुढच्या भागाला मी इतकं सिलिकॉन लावलंय की बोटीला लावत नसतील. चला, आत्ता दाखवतो."

त्यांनी मला शिडीवरून टपावर चढवलं आणि माळ्याच्या बरोबर वर बादलीनं पाणी ओतायला लावलं. एक बादली, दुसरी, तिसरी. आत काका स्वतः टॉर्च घेऊन माळ्याला डोकं लावून उभे. मी खाली उतरलो तेव्हा ते दारात वाट बघत होते.

"कोरडं ठणठणीत," ते म्हणाले. "या, बघा."

मी बघितलं. खरंच कोरडं होतं. त्या क्षणी 'सॉरी काका, माझंच काहीतरी चुकलं' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ती सवयच होती. पण गादीला हात लावला तर ती अजून ओलीच होती.

"काका, गादी पिळून बघा," मी म्हणालो. "मी तिथं झोपलोय. पाणी कुठून येतं ते मला माहीत नाही, पण येतं हे माहीत आहे."

काका काही न बोलता पुढं गेले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्ली लावली. "शालन, आवर," ते म्हणाले. "परत जायचं. लोकांना आपली गाडी पसंत नाही."

काकी बाहेर आल्या, पोह्याचं पातेलं हातात तसंच. केतकी आली. तेवढ्यात खळ्यात आबा रावराण्यांनी उफणणीचा विजेवरचा पंखा सुरू केला. सूप भरून भात वरून सोडलं की फोल वाऱ्यानं लांब उडत होतं आणि दाणे खाली पडत होते. मी बघत राहिलो. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण हवा भरून पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो. कारखान्यात गॅसच्या जोडावर साबणाचा फेस लावतो. गाडी काही पाण्यात बुडवता येत नाही, पण फेस लावता येतो, आणि हवा भरायला पंखा तर समोरच होता.

मी काकांच्या खिडकीशी गेलो. "काका, जायचंच असेल तर जाऊ. पण एकदा मला बघू द्या. आपण पाणी आत जातंय का बघितलं. आता हवा बाहेर येते का बघू. जिथून हवा बाहेर, तिथूनच पाणी आत."

काका समोर बघत बसले होते. तसंच बघत म्हणाले, "आणि नाही सापडलं तर?"

"तर मी माफी मागेन आणि घाट चढेपर्यंत तुमच्या कालव्याची गोष्ट ऐकेन. तिसऱ्यांदा."

मागं केतकीनं खोकल्यासारखं काहीतरी केलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ली काढली.

आबा रावराण्यांना काम सांगितलं तेव्हा ते सूप हातात धरून बघत राहिले. "पंखो घेवन काय करतलात? गाडयेक वारो घालतलात?"

"हो," मी म्हटलं.

"न्हेवा, न्हेवा," ते म्हणाले आणि स्वतःच पंखा ढकलत निघाले. असं काही बघायला मिळणार असेल तर भात काय, दुपारीही उफणता आलं असतं.

मग आम्ही सगळे कामाला लागलो. काकींनी रिठे उकळून बादलीभर फेसाचं पाणी केलं. केतकीनं बेसिनची जाळी, गॅसची खिडकी, वायरींची भोकं, सगळी चिकटपट्टीनं बंद केली. एक खिडकी उघडी ठेवून तिथं पुठ्ठा कापून पंख्याचं तोंड बसवलं आणि कडांना जुन्या साड्या कोंबल्या. काका सुरुवातीला लांब उभे होते, पण पुठ्ठा वाकडा कापला जातोय असं दिसल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी कात्री माझ्या हातातून घेतली. "सरळ रेघ मारून घ्यावी आधी," ते म्हणाले. तिथून पुढं ते कामातच होते.

पंखा सुरू झाला. बंद गाडीत हवा भरायला लागली तशी दारांची रबरं ताठ झाली. मी शिडीवर, केतकी मडगार्डवर, काका स्टुलावर, असे आम्ही झाडूनं आणि फडक्यांनी रिठ्याचा फेस फासत निघालो. आधी पुढचा भाग. काकांनी तो स्वतःच घेतला. एक बुडबुडा नाही. "बघा," ते म्हणाले, पण आवाजात मघाचा ताठा नव्हता. कारण त्यांनाही आता उत्सुकता लागली होती. डावी बाजू झाली. उजव्या बाजूला एका खिडकीच्या कोपऱ्यात चिमुकले बुडबुडे आले. काकांनी लगेच खडूनं खूण केली आणि मान हलवली. "हे किरकोळ आहे. इथलं पाणी माळ्यावर जाणार नाही."

आणि मग मागून आबांची हाक आली. "हय येवा. हय फुगे इले."

गाडीच्या अगदी मागच्या बाजूला, टपाच्या कडेवर, फेसाचा एक डोंगर उठला होता. लहानमोठे बुडबुडे फुगत होते, फुटत होते, वाऱ्यावर उडत होते. उन्हात त्यांच्यावर रंग चमकत होते आणि आबांची कोंबडी त्यांच्यामागं धावत होती. मी फडक्यानं फेस बाजूला केला. खाली एक लोखंडी हूक होता. दोन स्क्रूंनी पत्र्यात पक्का बसवलेला.

काका स्टुलावर चढले. हूक बोटानं हलवून बघितला. "हा मी लावलेला नाही," ते म्हणाले.

पंखा तेवढा घरघरत होता.

"मी लावलाय," शालनकाकी म्हणाल्या.

"तू?"

"दोरी बांधायला. साड्या वाळत कुठं घालायच्या? आत घातल्या तर तुम्ही म्हणता ओल धरते. शेजारच्या सुताराकडून दुपारी लावून घेतला, तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होता तेव्हा."

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? तुम्हीच म्हणाला होता, या गाडीला जो भोक पाडेल त्याला घरात घेणार नाही."

केतकीनं तोंडावर ओढणी धरली. मी टपाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. काकांनी शांतपणे स्क्रू ड्रायव्हर मागितला. हूक काढला. भोकात बोट घातलं, मग काडी घातली, ती आत बरीच गेली. मग ते टपावर चढले, गुडघा विसरून, आणि टपावर कान ठेवून हातानं ठोकत मागून पुढं सरकत गेले. माळ्याच्या वर पोहोचल्यावर थांबले, आणि त्यांचा चेहरा बदलला. नवं खेळणं दाखवल्यावर लहान मुलाचा होतो तसा.

"धैर्यशील, वर या. वर या लवकर."

मी चढलो.

"छताखाली चौकोनी पोकळ पाइप आहेत. मीच टाकलेत, मागून पुढपर्यंत अखंड. हा स्क्रू नेमका पाइपात घुसलाय. पाऊस पडला की पाणी भोकातून पाइपात. गाडी इथं उतारावर, तोंड खाली. आमच्या अंगणातसुद्धा तोंड खालीच असतं. पाणी पाइपातून सरळ पुढं येतं आणि पाइप संपतो तिथं, माळ्यावर, बाहेर पडतं." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "कालवाच आहे हो हा. डोक्यावर कालवा घेऊन फिरतोय आम्ही. एवढा चांगला उतार मला खात्यात असताना कधी मिळाला नाही." मग त्यांनी टपाच्या कडेवरून खाली वाकून बघितलं. "शालन, तू पाट काढलास की ग."

काकींनी पदरानं कपाळ टिपलं. "मग पोहे करू ना आता?" त्या म्हणाल्या. "की आवरायचंय अजून?"

"कर, कर. आबांना पण दे."

दुरुस्ती तशी साधीच होती, पण काकांनी ती थाटात केली. चाकांना अडवायला लावलेले दगड काढले, पुढच्या चाकांखाली फळ्या घालून तोंड उचललं, म्हणजे पाइपातलं साठलेलं पाणी उलट वाहून त्याच भोकातून बाहेर आलं. तांब्याभर तरी निघालं. मग भोक सुकवलं, आजूबाजूचा रंग खरवडून पत्रा स्वच्छ केला, रबराचे वायसर घालून रिबिटा मारल्या आणि वरून सिलिकॉन. खिडकीचा कोपराही भरला. हूकचं काय करायचं म्हटल्यावर काकांनी तो आबांच्या आंब्याच्या खोडात ठोकला. "गाडी इथं येईल तेव्हा दोरी इथं बांध," ते काकींना म्हणाले. कोल्हापुरात कुठं बांधायची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि काकींनीही तेव्हा विचारलं नाही.

दुपारी काका बाकावर आडवे झाले. गाडीवरचा फेस वाळून पांढरे ओघळ उठले होते, ते मी आणि केतकी ओल्या फडक्यानं पुसत होतो. ती मागच्या बाजूला, मी पुढच्या. पुसता पुसता आम्ही दाराशी एकत्र आलो.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "माळा गळतो हे मला माहीत होतं."

मी तिच्याकडे वळलो.

"मे महिन्यात वळीव आला तेव्हा मी झोपले होते तिथं. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, बाटली सांडली असेल. नंतर मी विषय काढलाच नाही. यावेळी झोपण्याचं ठरत होतं तेव्हा धैर्यशील वर झोपतील हे मीच आईला सुचवलं. म्हटलं, बघू, हा माणूस पप्पांसमोर काही बोलतो का."

अंगात दोन रात्रींची थंडी एकदम परत आल्यासारखी झाली.

"हे बरं नाही केलंत," मी म्हणालो. हे मी म्हणालो याचं मलाच नवल वाटलं, पण आता थांबावंसं वाटेना. "मला विचारायचं असतं तर सरळ विचारायचं. मी उंदीर आहे का, पाण्यात सोडून बघायला? सकाळी विहिरीवर मला म्हणालात, साधं सांगता येत नाही. तुम्हालाही कुठं आलं?"

तिनं फडकं बादलीत टाकलं. वाटलं, आता उलटतपासणी सुरू होणार. पण ती म्हणाली, "नाही आलं. चुकलं माझं."

एवढंच. पुढं काही कारण दिलं नाही, वकिली केली नाही. मला वाद घालायची फार सवय नव्हती, त्यामुळं समोरच्यानं चूक कबूल केल्यावर काय करायचं असतं तेही माहीत नव्हतं. मी दाराचा एकच भाग पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

"अजून काही असेल तर तेही सांगून टाका," ती म्हणाली. "आता सुरुवात झालीच आहे."

"खीर मला आवडत नाही. कालव्याची गोष्ट पहिल्यांदा खरंच आवडली होती. आणि तुम्ही घाटात गाडी फार जोरात चालवता."

"जोरात नाही चालवत."

"चालवता. मी डोळे मिटून घेतले होते."

या वेळी ती हसली. चांगली मोकळी हसली, आणि मग मीही.

संध्याकाळी आकाश भरून आलं. एरवी पाऊस आला की आम्ही आबांच्या पडवीत जायचो, पण त्या दिवशी काकांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. आबासुद्धा आले. काका मधे उभे राहून टॉर्चचा झोत छतावर फिरवत होते. काकी आणि आबा एका बाकावर, केतकी समोरच्या बाकावर खिडकीशी, आणि मी माळ्याच्या पायरीवर, तळहात वर धरून, थेंब पडलाच तर झेलायला.

पाऊस आला तो धो धो आला. टपावर खडे ओतावेत तसा आवाज. कुणाचं कुणाला ऐकू येईना. काकी आबांना काहीतरी सांगत होत्या, त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. केतकी वर माझ्या हाताकडे बघत होती. हात कोरडा होता.

बघण्याच्या कार्यक्रमात जे काही बोलायचं ते मामा बोलले होते, वडील बोलले होते. मला जे वाटत होतं ते माझ्या तोंडून तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. मी पायरीवरून वाकून तिला म्हणालो. तिनं कानाला हात लावला. मी पुन्हा म्हणालो. तिनं मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मग मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"मला तुमच्याशीच लग्न करायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी मला करायचंय, एवढं तुम्हाला माहीत असावं."

आणि नेमका त्याच क्षणी पावसाचा जोर ओसरला, त्यामुळं माझं शेवटचं अर्धं वाक्य शांत गाडीत लख्ख ऐकू आलं. काकींनी आबांशी बोलणं थांबवलं. आबांनी कौतुकानं मान डोलावली. काकांचा टॉर्चचा झोत छतावर एकाच जागी थांबला होता, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

केतकीनं मात्र माझ्यावरून नजर काढली नाही.

"गाडी मी जोरातच चालवणार," ती म्हणाली.

"चालवा. मी तेव्हाही बोलणार."

ती खिडकीला आणखी चिकटून बसली आणि बाकावर शेजारी हात ठेवून जागा दाखवली. ऐसपैसमध्ये त्या बाकावर दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतोच. मी पायरीवरून उतरून तिच्या शेजारी जाऊन बसलो.